पक्केभैयांचा शब्द

माझ्या वडिलांना खोटं बोलता येत नसे. बोलायचं नाही असा त्यांचा काही बाणा होता असं नव्हे, त्यांना ते जमतच नसे. जुना पंखा विकायला काढला तेव्हा घ्यायला आलेल्या माणसाला ते आधी पंख्याचे दोष सांगत बसले. "आवाज करते, अन् ऐन गरमीत बंद पडते," असं ऐकल्यावर कोण घेणार? पंखा पुढे कित्येक उन्हाळे आमच्याच डोक्यावर घरघरत राहिला आणि आई तो लावताना दरवेळी पप्पांकडे बघे.

शब्द देण्याच्या बाबतीत तर ते भलतेच चिक्कू. सायकल मागा, सहलीला जायची परवानगी मागा, उत्तर ठरलेलं, "पाहू." पण एकदा का त्यांच्या तोंडून "पक्कं" निघालं, की काम झालंच समजायचं. रेल्वेच्या वर्कशॉपातले सोबती त्यांना पक्केभैया म्हणत. नागपूरहून नोकरीसाठी रायपूरला आलेला हा फिटर माणूस बाजारातही याच नावाने ओळखला जाई.

चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, हिंदीत असे, घरातली रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, मात्र पप्पा मराठीतच म्हणत. दिवेलागणीला टीव्ही बंद. पाहुणा कुठल्याही धर्माचा असो, त्याचा चहा रोझरी संपल्यावर. माझा भाऊ भिंतीला टेकून डुलक्या घेई आणि पप्पा मण्यांवरून बोट न उचलता त्याला कोपराने जागं करत. शनिवारी संध्याकाळी ते पापकबुलीला जात. फादरांसमोर गुडघे टेकून आठवड्याच्या चुका सांगायच्या आणि क्षमा घेऊन यायचं. आम्ही चिडवायचो, "पप्पा, तुमच्याजवळ सांगायले आहे तरी काय?" चपला घालत ते म्हणत, "ज्याचं त्याले माहीत, बेटा."

आणि त्यांचा तो अंगठा. घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या कपाळावर ते अंगठ्याने क्रूस काढत. मी नोकरीला लागल्यावरही ते सुटलं नाही. स्कूटी सुरू असे, मला उशीर झालेला असे, आणि पप्पा फाटकात उभे. "हेल्मेट काढ, मंग जा." शंकर नगरच्या ऑफिसात पोचेपर्यंत कपाळावर तो खरखरीत अंगठा जाणवत राही.

मी प्रशिकशी लग्न करायचं ठरवलं तेव्हा मला खरी भीती याच माणसाची होती. प्रशिकचं घर बौद्ध. सासूबाई पहिल्याच भेटीत स्पष्ट बोलल्या, "आमच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली ते कोणी आमच्या डोक्यावर काही लादू नये म्हणून. उद्या लेकरू झालं, तर त्याच्या डोक्यावर कोणाचंच काही नको. मोठं झालं का त्याचं तेच ठरवन." पप्पांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पक्कं." चर्चमधले लोक काय काय बोलले ते त्यांनी ऐकून घेतलं आणि कोर्टात दोन्ही हार स्वतः घेऊन आले. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

आम्हाला मुलगी झाली, मैत्री, आणि पप्पांनी शब्द पाळला. भावाच्या थोरल्या मुलीच्या कपाळावर क्रूस निघे. मैत्रीची पाळी आली की अंगठा अर्ध्यावर थांबे, पप्पा हात खाली घेत आणि तिची पाठ थोपटत. दोनदा, हलकेच. ते पाहून मला दरवेळी भरून येई. प्रशिकही एकदा म्हणाला, "माणूस पाहावा तर तुझ्या बापासारखा."

गेल्या वर्षी भावाच्या धाकट्या मुलाचा बाप्तिस्मा होता. आम्ही तिघं दुसऱ्या बाकावर बसलो होतो. फादरांनी बाळाच्या डोक्यावर पाणी ओतलं, बाळ किंचाळलं, सगळे हसले. आणि मैत्री माझा पदर ओढत म्हणाली, "मम्मी, ऐसा तो नाना ने मेरा भी किया था. अस्पताल में, जब मैं छोटी थी. नाना ने ही बताया, और बोले, किसी को बताना नहीं."

प्रशिकने ऐकलं. तो उठून बाहेर गेला. मिस्सा संपल्यावर पाहिलं, तर भर उन्हात स्कूटरपाशी उभा होता. त्याने एवढंच विचारलं, "तुले माहीत होतं?" मी नाही म्हटलं. त्याने माझ्याकडे बघायला जो वेळ घेतला, तो मी विसरू शकत नाही. आमच्या संसारात तोवर असं बघणं आलं नव्हतं.

मी तडक पप्पांकडे गेले. ते व्हरांड्यात जेवणासाठी खुर्च्या लावत होते.

"पप्पा, तुम्ही मैत्रीचा बाप्तिस्मा केला?"

"हव," ते म्हणाले.

एका शब्दात संपलं. खोटं येतच नव्हतं ना! इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

"काहून?"

"न्यूमोनियात लेकरू निळं पडून राहिलं होतं, बेटा. तुम्ही दोघं डॉक्टरच्या मागं धावले. मी एकटा होतो तिच्याजवळ. मले भेव वाटलं. बाटलीच्या झाकणात पाणी घेतलं अन् ओतलं."

मरणाच्या दारात असलेल्या जिवाला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतो, हे लहानपणी त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. ती भीती मला कळत होती. मीही त्याच दवाखान्यात होते, मीही तेव्हा काय काय बोलले असेन देवाला.

"अन् ती बरी झाल्यावर? तेव्हा काहून नाही सांगितलं?"

"फादरले सांगितलं. दर शनिवारी सांगतो. ते म्हणते, पोरीले सांगा. मी पाहू म्हणतो अन् येतो." ते खुर्चीला धरून उभे होते. "फादर माफ करते, बेटा. तू नसतं केलं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पाणी माझ्या मुलीच्या डोक्यावर, शब्द आम्हाला दिलेला, आणि माफी मागायची तिसऱ्याच माणसाकडे! वर पोरीलाही कानात सांगून गप्प बसवलेलं. ज्या थोपटण्याने माझे डोळे भरून येत, ते सगळं त्या पाण्यानंतरचं होतं. मी न जेवता निघाले. सासूबाईंना मीच सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "पक्कं म्हटलं होतं त्याईनं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

नंतर मी मैत्रीला त्यांच्याकडे एकटं कधी सोडलं नाही. हिवाळ्यात पप्पांनी अंथरूण धरलं. मी जात होते, औषधं देत होते, उशा बदलत होते. एका दुपारी त्यांनी माझं मनगट धरलं. "माफ केलं म्हण, बेटा." मरणाऱ्या माणसाला एवढं म्हणायला काय जातं? दुसरी कुणी असती तर म्हणाली असती. पण मी त्यांचीच मुलगी. जे मनात नाही, ते माझ्याही तोंडून निघत नाही. मी म्हटलं, "पाहू." ते चक्क हसले आणि त्यांनी डोळे मिटले. दोन दिवसांनी गेले.

पेटीचं झाकण लावण्याआधी घरातल्या प्रत्येकाने त्यांच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढला. मैत्री कुणाला न विचारता पुढे झाली आणि तिनेही काढला, अगदी त्यांच्यासारखा, सावकाश. मी प्रशिककडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता.

मग माझी पाळी आली. मी वाकले, अंगठा पुढे केला. तो अर्ध्यावरच थांबला. मी हात खाली घेतला आणि त्यांचा खांदा थोपटला. दोनदा, हलकेच.