बॅटचा आवाज

बारामतीच्या बाजारामागचा तो सुतार बैलगाडीची चाकं करायचा. क्रिकेट तो कधी खेळला नव्हता, तरी पुण्याहून आणलेली आमच्या क्लबाची नवी बॅट मी, म्हणजे कप्तानाने, मुरवायला त्याच्याकडेच सोपवली. महिनाभर तो तिला बोटाने जवसाचं तेल चोळायचा, लाकडी हातोड्याने हलके हलके ठोकायचा आणि मडकं पारखणाऱ्या बाईसारखा कान लावून आवाज ऐकायचा. घाई केली की म्हणायचा, "कच्ची हाय अजून. जावा तुमी, मास्तर."

इंदापूरशी सामना झाला त्या दिवशी त्या बॅटने खेळताना आमचे गडी भराभर बाद झाले. "सुतारानं तेल पाजून पाजून बॅट मारून टाकली," असं मी त्याच्यादेखत म्हणालो.

शेवटी इंदापूरला चार धावा हव्या असताना त्यांच्या गड्याची बॅट चिरली. कडेला बसलेला सुतार उठला आणि आमची बॅट सरळ त्याच्या हातात देऊन आला. पुढच्याच चेंडूला खणखणीत आवाज झाला. चेंडू बाभळीत गेला, सामनाही गेला.

मी तावातावाने त्याच्याकडे गेलो. तो डोळे मिटून बसला होता.

"ऐकलंसा न्हवं, मास्तर? जित्ती हाय."