दोन राखाडी रणगाडे

दादानं टीव्ही गेम आणला तेव्हा आमच्याकडे काळापांढरा टीव्ही होता. मैत्रिणीच्या घरी तोच रणगाड्यांचा खेळ रंगीत दिसायचा. एक रणगाडा पिवळा, एक हिरवा, विटा अगदी विटांच्या रंगाच्या. आमच्याकडे सगळं राखाडी. चित्र महत्त्वाचं की खेळ, असं मला तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी बेधडक चित्र म्हटलं असतं. दहावीची सुट्टी होती आणि नाक मुरडायला मला निमित्त लागत नसे.

पण जळगावातल्या मे महिन्याच्या दुपारी एकटीनं किती खेळणार? घरात दुसरं कोण, तर नवी वहिनी. शिरपूरकडच्या खेड्यातून आलेली, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, आणि माझ्याशी न बोलणारी. चूक माझीच होती. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात ती जेवताना तिच्या अहिराणीत म्हणाली होती, "भाजी बठ्ठी सरी गयी," म्हणजे सगळी संपली. दुसऱ्या दिवशी मैत्रिणींना हसवायला मी ते वाक्य तिच्याच सुरात म्हणून दाखवलं, आणि ती दारात उभी होती. तेव्हापासून तिचं बोलणं "हो ताई", "नाही ताई" एवढ्यावर आलं. आईनं मला चांगलंच झापलं. मी ओशाळले, पण माफी मागायला जीभ रेटेना.

म्हणून एका दुपारी नुसतीच दुसरी जॉयस्टिक तिच्या हातात दिली.

खेळ सोपा. दोघींनी मिळून शत्रूचे रणगाडे उडवायचे आणि विटांच्या आडचा आपला गरुड राखायचा; तो उडाला की डाव गेला. पण आमचे दोन्ही रणगाडे सारखेच राखाडी! मी तिच्या रणगाड्याला माझा समजून बसले आणि माझा बिचारा भिंतीला धडका देत राहिला. चार डाव गरुड गेला. ती ओठ मिटून. पाचव्या डावात मात्र आपला रणगाडा कोणता तेच कळेना, तेव्हा तिला राहवेना.

"अवं माय, मना कोनता शे? तू वर जाय! मी आठे शे!"

ताई गेली, तुम्ही गेलं. मी हसले नाही. ओरडले, "वर चालले, तू तिथंच खाली थांब!" आणि आमचा गरुड वाचला. मग रोज दुपारी आमचा आरडाओरडा सुरू झाला. चित्रात कळत नव्हतं ते तोंडानं सांगावं लागे, म्हणून ती बोले. टीव्ही बंद झाला की पुन्हा "हो ताई".

दिवाळीला दादानं रंगीत टीव्ही आणला. काय चित्र होतं! पिवळा तिचा, हिरवा माझा, विचारायची गरजच नाही. आम्ही भराभर डाव जिंकत गेलो, गुपचूप. चौथ्या दिवशी मला ते सोसेना. टीव्हीच्या पुढचं छोटं झाकण उघडून मी रंगाचं बटण पार खाली नेलं. रणगाडे पुन्हा राखाडी झाले.

वहिनीनं जॉयस्टिक खाली ठेवली. "काय झालं, ताई?"

"रंग आला आणि तू बोलायची थांबलीस," मी म्हटलं. मग इतके महिने राहून गेलेलं एकदाचं बाहेर पडलं. "त्या दिवशी मी तुझी नक्कल केली, वहिनी. माझं चुकलं. फार वाईट वाटतं गं मला."

ती पुढे सरकली आणि तिनं स्वतःच बटण फिरवलं. पिवळा, हिरवा, विटांचा तांबडा, सगळं परत आलं.

"रंग राहू दे," ती म्हणाली. "मी बोलसू."