चिखली ते चिंचवड, डाव्या हातानं

आमच्या गावाकडं कुणी काशीला जाऊन आलं की महिनाभर त्याचीच वर्णनं चालतात. गंगा केवढी, घाट किती, पेढे कसे. ऐकणारे माना डोलावतात. मी काही काशीला गेलो नाही. मी चिखलीहून चिंचवडला गेलो, सायकलवरून, आणि संध्याकाळी परत आलो. अंतर म्हणाल तर दोन-अडीच कोसांचं. शेकडो माणसं रोज जातात-येतात आणि कुणी त्याचं नाव काढत नाही. पण माझा त्या दिवसाचा प्रवास मला काशीहून लांबचा वाटला, म्हणून गावाकडच्या मंडळींसाठी सांगतो. ज्यांना हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं.

मी चिंचवडच्या एका कंपनीत प्रेस शॉपला होतो. प्रेस म्हणजे पत्रा दाबून त्याला आकार देणारं यंत्र. एके दिवशी पत्रा सरळ करायला हात घातला आणि प्रेस खाली आली. उजव्या हाताची चार बोटं गेली, अंगठा आणि तळवा राहिला. कसं झालं ते उगाळत बसत नाही, उगाळून बोटं परत येत नाहीत. दवाखान्यातून सुटलो आणि चार महिने चिखलीच्या भाड्याच्या खोलीत बसून काढले. हात कायम फडक्यात गुंडाळलेला. माझी बायको सुमन आंघोळीच्या वेळी ते फडकं सोडायची तेव्हा मी भिंतीकडं बघायचो. कामावर असताना त्या हाताच्या रेघांतलं तेल कधी निघालं नाही, दिवाळीला राखेनं घासलं तरी नाही. आता तो पांढराफटक पडला होता. चार महिन्यांत त्याला मळ म्हणून लागला नव्हता.

मग कंपनीनं स्टोअरमध्ये हलकं काम देऊ केलं. अट एकच, पहिल्या शिफ्टला आपलं आपण हजर व्हायचं. चिखलीला तेव्हा पहिली एसटी यायची ती उन्हं वर आल्यावर, आणि चिंचवडात खोली घेण्याची आमची ऐपत नव्हती. राहता राहिली सायकल. एका हाताची सायकल.

सुमनचा भाऊ नामदेव आम्हाला न्यायलाच गावाहून आला होता. "दाजी, सोमवारी जाऊन बघा. नाही जमलं तर मंगळवारी सामान बांधू. गावाकडं दोन घास कुठं बी मिळतेत," तो म्हणाला. चांगल्या मनानं म्हणाला, म्हणून जास्तच झोंबलं. गावात ना माझी जमीन, ना घर. म्हणजे उरलेला जन्म मेव्हण्याच्या ओसरीवर बसून काढायचा, आणि ताट कोण कधी आणून देतं त्याची वाट बघायची. सुमन हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. पत्र्याची पेटी मात्र तिनं कॉटखालून ओढून पुसून ठेवली. ती पेटी बघून मी दिवसभर कुणाशी धड बोललो नाही.

चिखलीत पिठाच्या गिरणीला लागून तात्यांचं सायकलचं दुकान होतं. दुकान कसलं, चार पत्रे आणि हवा भरायचा पंप. तात्या जुन्या गावकऱ्यांतले, बोलणं तुटक. माझी सायकल त्यांनी उलटी केली, चाकं फिरवून बघितली, आणि मग माझ्या फडक्याकडं बोट केलं.

"सोड."

"कशाला?"

"माप घ्यायचंय. शिंपी काय अंगरखा न बघता शिवतोय व्हय?"

मी चडफडत फडकं सोडलं. तात्यांनी हात उलटा-सुलटा करून असा बघितला, जसं वाकडं झालेलं पायडल बघावं. चुकचुकले नाहीत, हळहळले नाहीत. मला राग येण्याचीही सोय राहिली नाही.

दोन संध्याकाळी ते खपत होते. पुढचा ब्रेक उजव्या मुठीतून काढून डावीकडं मागच्याच्या खाली आणला आणि दोन्ही तारेनं जोडले, म्हणजे एक मूठ आवळली की दोन्ही चाकं धरतात. उजव्या मुठीवर जुन्या टायरचा तुकडा वळवून बसवला. त्यात तळवा टेकवायचा. मला वाटलं हात त्यात बांधणार, आणि मी भडकलोच.

"हात बांधून घ्यायला मी काय जनावर आहे का, तात्या?"

"बांधतंय कोन? पडलास तर सुटला पायजे न्हवं? निस्ता ठेवायचा." मग त्यांनी घंटी काढून उजवीकडं लावली. "ही तुझ्या अंगठ्याला. त्यो काय रिकामाच हाय."

रविवारी खळ्यावर फेऱ्या मारल्या. आधी सायकल नुसती डावीकडं ओढायची. दोनदा कडब्याच्या गंजीत घुसलो. दिवस मावळायला लागला तेव्हा गोल फिरायला जमलं. तात्या गिरणीच्या पायरीवरून बघत होते. "सपाटीला जमलं," ते म्हणाले. "वढ्याचं तू बघ."

ओढा म्हणजे चिखलीच्या रस्त्यातली अडचणीची जागा. गाव सोडून थोडं गेलं की रस्ता एकदम खाली उतरतो, फरशी लागते (फरशी म्हणजे ओढ्यावरचा बिनकठड्याचा बसका पूल), आणि लगेच तेवढाच उभा चढ. जाताना तेच, येताना तेच.

सोमवारी सुमननं डब्यात डाळ आणि ज्वारीची भाकरी दिली. नामदेव दारात उभा होता. मी हाताला फडकं घट्ट गुंडाळलं, गाठ दातांनी ओढली आणि निघालो. थंडीचे दिवस. मागं इंद्रायणीवर धुकं साचलेलं, दोन्ही बाजूंना ऊस, लांब कुठं तरी गुऱ्हाळ चालू असल्याचा गोड वास. वाड्या-वस्त्यांवरून एकेक सायकलवाला येऊन रस्त्याला मिळत होता. मफलर बांधलेली डोकी, कॅरेजला डबे, डायनॅमोचे पिवळे उजेड. चार महिन्यांपूर्वी मी याच घोळक्यात गप्पा मारत जायचो. आता सगळ्यांच्या मागं राहिलो, कुणी बोलू नये म्हणून.

तरी गणपतमामांनी गाठलंच. गणपतमामा चिखलीचेच, आमच्याच कंपनीच्या फौंड्रीतले, म्हणजे ओतकामातले, जुने कामगार. "किसन, आलास व्हय," एवढंच म्हणाले आणि शेजारून चालवायला लागले.

उताराला मी घाबरलो. खरंच घाबरलो, लपवण्यात काय अर्थ आहे? वेग वाढला तशी डावी मूठ जिवाच्या आकांतानं आवळली. दोन्ही चाकं एकदम धरली, मागचं चाक खडीवर घसरलं आणि मी आडवा. उजवा हात टायरमधून अलगद सुटला, तात्या म्हणाले होते तसा. गुडघा सोलला. डब्याचं झाकण उडालं आणि डाळ फरशीवरून ओढ्यात गेली. चार-पाच सायकली थांबल्या. मला उठवायला जे हात पुढं आले ते सगळे मी झटकले.

आता इथली एक रीत सांगतो. चढाला कुणी दमला की शेजारच्यानं त्याच्या पाठीवर हात ठेवायचा आणि स्वतःचं पायडल मारता मारता त्याला वर रेटत न्यायचं. याला इथं रेटा देणं म्हणतात. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. आज तुम्ही दमलात, उद्या तो दमेल. पूर्वी मी कित्येकांना रेटा दिला होता, कित्येकांचा घेतला होता. त्यात कमीपणा कसला? पण त्या सकाळी चढ अर्धा झाला, माझा श्वास फुलला, आणि पाठीवर गणपतमामांचा पंजा टेकला. पाचही बोटं कापडातून जाणवली.

"हात काढा!" मी ओरडलो. "मला कुणाची दया नको."

मामांनी हात काढला. पण माझ्या पुढं गेले नाहीत. मी उतरलो आणि उरलेला चढ सायकल ढकलत चालत गेलो. तेही उतरून चालले. त्यांचा भोंगा चुकला असता तर अर्ध्या दिवसाचा पगार गेला असता. तेवढंही मला तेव्हा सुचलं नाही.

चढ संपला की माळ लागतो. पिवळं गवत, मध्येच एखादी बाभळ, आणि समोर आभाळात धुराडी. मग एमआयडीसीचे रुंद, नवे, उघडेबोडके रस्ते. दोन्हीकडं कंपन्यांच्या भिंती, भिंतींच्या आत दिवे. चारी दिशांनी सायकली येऊन एकमेकींत मिसळतात आणि नुसत्या घंट्या वाजत राहतात. मीही वाजवली, अंगठ्यानं. वाट मिळाली. पुढच्यानं मागं वळूनही बघितलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. गेटात शिरलो आणि भोंगा झाला.

स्टोअरचं काम अवघड नव्हतं. बिल्ला घ्यायचा, पाना द्यायचा. पाना परत आला की बिल्ला द्यायचा. पलीकडून प्रेसचा आवाज येत होता. दर ठोक्याला माझे खांदे आक्रसायचे. जुने सोबती खिडकीशी यायचे, बोलायचे माझ्याशी आणि बघायचे फडक्याकडं. मी हात टेबलाखाली ठेवला.

जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसलो. डाव्या हातानं खाताना कुणी बघावं असं मला वाटत नव्हतं. नुसती कोरडी भाकरी होती. गणपतमामा आले आणि भिंत आणि मी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत अंग चोरून बसले.

"डाळ वढ्याला वाहिलीस. घे, पिठलं हाय."

"मामा, सकाळी मी..."

"गार हुतंय. खा."

पिठलं झणझणीत होतं, वर कच्चा कांदा. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटानं आलं असं मी त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ते मानलं.

शिफ्ट सुटली. त्या दिवशी मामांना मोडक्या खोक्यांच्या फळ्या मिळाल्या होत्या. कंपनी जुनं लाकूड गेटपासवर कामगारांना जळणाला देते. त्यांनी मोठी मोळी कॅरेजला बांधली. फौंड्रीतून ते तसेच निघत, कपडे न बदलता, सदऱ्याची पाठ साच्याच्या काळ्या मातीनं आणि घामानं कडक झालेली. माळ ओलांडेपर्यंत आम्ही बरोबर होतो. मग मी पुढं झालो, कारण मला उतार एकट्यानं उतरून बघायचा होता.

या वेळी मूठ एकदम आवळली नाही. थोडी दाबली, सोडली, दाबली, सोडली. सायकल समजूत पटल्यासारखी खाली आली. फरशीवर पाय टेकून मी थांबलो आणि उगाचच हसलो. एकटाच.

तेवढ्यात मामा माझ्या शेजारून फरशी ओलांडून गेले. चढाला लागले आणि ओझ्यानं त्यांची सायकल डगमगायला लागली. फौंड्रीतल्या धुरळ्यानं त्यांना एरवीही खोकल्याची उबळ यायची, आता ती आली. खोकताही येईना आणि पायडलही सोडता येईना. सोडलं असतं तर मोळीसकट मागं आले असते. बाकीचा घोळका पुढं निघून गेला होता. मागं मीच.

मी जोर लावून त्यांच्या डाव्या अंगाला गेलो. रेटा द्यायचा तर हात हवा. डावा सोडता येत नव्हता, सगळे ब्रेक त्याच्या मुठीत. मोकळा होता तो उजवाच. टायरमधून काढला आणि त्यांच्या पाठीवर ठेवला, तर फडकं सदऱ्यावरून सरकलं. काही क्षण मला वाटलं, नको. कुणी बघेल. मग फडक्याची गाठ दातांत धरून ओढली. ते सुटलं आणि गेलं कुठं तरी वाऱ्यावर. उघडा तळवा त्या काळ्या पाठीवर टेकवला आणि रेटलं.

ढकलायला बोटं लागतच नाहीत. मी चार महिने बोटांचं दुःख करत बसलो होतो आणि तळव्याकडं एकदाही बघितलं नव्हतं.

मामांनी मागं वळून बघितलं नाही. बघताच आलं नसतं. "कोन हाय?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"मी. किसन."

त्यांनी आणखी दोन पायडलं मारली. वाटलं, आता काही तरी बोलतील, शाबास वगैरे, आणि मग मला रडू येईल.

"वाईच वर धर," मामा म्हणाले. "तितं कंबर दुखती."

मी हात वर घेतला आणि चढ संपेपर्यंत काढला नाही.

वर आल्यावर मामांनी आभार मानले नाहीत. रीतच तशी. उसाच्या शेंड्यांवर ऊन होतं, गिरणीचा आवाज येत होता. पायरीवरून तात्यांनी माझ्याकडं, मग सायकलीकडं बघितलं आणि हातातलं पंक्चर काढत राहिले. काशीहून येणारे गंगाजळ आणतात. मी काय घेऊन चाललोय याचा विचार करत होतो, आणि इतका हलका झालो होतो की घराचं वळण चुकून पुढं गेलो.

सुमन दारातच उभी होती. तिच्या मागं खोलीत पत्र्याची पेटी उघडी होती आणि नामदेव तिच्याजवळ उकिडवा बसला होता. तिनं आधी माझा सोललेला गुडघा बघितला, मग सायकल, मग हात.

"अहो, फडकं कुठंय?"

"पडलं वाटेत."

"बरं, दुसरं फाडून देते सकाळला." सकाळला म्हणाली आणि स्वतःच थबकली. नामदेव तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हळूच पेटीचं झाकण लावलं.

"फडकं नको," मी म्हणालो आणि हात तिच्यापुढं धरला. "साबण दे आधी. हात मळलाय."