काकूंच्या मोबाइलवर उडालेले रंगीत कागद

काल जिन्यात कुणाच्या तरी वाढदिवसाचे चमकते कागद पायाला चिकटले आणि सोनिवलीच्या जुन्या शेजारच्या काकू आठवल्या. तिथल्या सोसायटीचं ॲप मीच बनवलं होतं. कुठलंही काम पूर्ण झालं की स्क्रीनभर रंगीत कागद उडायचे. ते ॲनिमेशन इतकं हलकं होतं की साध्या मोबाइलवरही अडकायचं नाही, म्हणून एकदाच बनवून मी ते कौतुकाने प्रत्येक पानावर लावलं होतं. काका गेल्यावर काकू मोबाइल घेऊन आमच्या दारात आल्या, अंगाला उदबत्तीचा वास होता. "ॲपमधून ह्यांचं नाव काढून दे गं. कुणी आलं की गेटवरून अजून ह्यांनाच विचारतात." मी त्यांनाच बटण दाबायला सांगितलं. नाव गेलं आणि कागद उडाले, खाली मोठ्या अक्षरांत 'मस्त! काम झालं!' मी घाईने मोबाइल घ्यायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे. तूच केलंयस ना? छान आहे हो." शेवटचा कागद खाली जाईपर्यंत त्या बघत राहिल्या. त्या घरी परतल्यावर मी त्या पानावरून ते ॲनिमेशन काढून टाकलं. कोडमधल्या एका ओळीचं काम होतं, हेच अजून सलतं.