तीन नंबरचं दार

आधीच सांगते, मी लातूरला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. चौकात कुणी उतरवून टाकलेला नारळ घरी आणून त्याची चटणी करणारी बाई मी. सासूबाईंनी त्यावरून आठवडाभर अबोला धरला होता... तर भूत-भानामती, अंगात येणं, यातलं काही माझ्यापर्यंत पोचत नाही. या ग्रुपवरचे अनुभव वाचते ते रात्री झोप येईपर्यंत करमणूक म्हणून. आज स्वतःच लिहायला बसलेय, कारण हे कोडं मला सुटलेलं नाही. आणि न सुटलेलं कोडं घेऊन बसायची मला सवय नाही.

माझा मोठा भाऊ, दादा, नांदेडजवळ अर्धापूरच्या रस्त्याला राहतो. केळीचा धंदा आहे. आजूबाजूच्या शेतांतली हिरवी केळी घ्यायची, चेंबरमध्ये पिकवायची आणि हदगाव, हिमायतनगर, धर्माबादच्या फळवाल्यांकडे पाठवायची. चेंबर म्हणजे मोठी थंड खोली. आत छतापर्यंत कॅरेटच्या थप्प्या, वर पंखे. खोली घट्ट बंद करून आत गॅस सोडतात, त्यानं केळी पिकते. पिकता पिकता केळी स्वतःही कार्बन डायऑक्साइड सोडत असते, तो आतच साठतो. म्हणून चेंबर उघडलं की लगेच आत शिरायचं नाही, आधी हवा खेळू द्यायची. दादाकडे कामाला येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच सांगतात.

अशी तीन चेंबर्स आहेत, एका ओळीत. दारं भलतीच जड. मला एकटीला ढकलायचं तर कमरेतून जोर लावावा लागतो. दाराच्या डोक्यावर क्लोजर आहे, तो दार सतत बंद होण्याच्या बाजूला ओढत असतो. मग माल भरताना दार उघडं कसं ठेवायचं? त्यासाठी बाहेर भिंतीवर एका डबीत विजेचं लोहचुंबक बसवलंय आणि दाराच्या पाठीवर लोखंडी चकती. दार पूर्ण उघडून भिंतीला टेकवलं की टक्क करून चिकटतं. बटण दाबलं की सुटतं. लाइट गेली तरी सुटतं, कारण करंट गेला की चुंबकाचा जोर संपला... आणि दार आपोआप बंद होतं. आतली थंडी वाया जात नाही. मला ही सोय इतकी आवडली होती की इलेक्ट्रोमॅग्नेट शिकवताना मी पुस्तकातली विजेची घंटा सोडून दादाच्या दारांचं उदाहरण द्यायचे.

श्रावणातली गोष्ट. राखीला गेले होते, दोन दिवस जास्त राहिले. सोमवार होता, मंगलवैनींचा उपवास. श्रावणात केळीला मागणी खूप, त्यामुळे घरातलं आवरलं की वैनीही कामावर येतात. दुपारची वेळ. एक आणि दोन नंबरची दारं उघडी, माल भरून झालेला, गाडी नुकतीच गेलेली. मी शेडमध्ये बाजेवर बसून मोबाईल बघत होते. दादा मागं जनरेटरपाशी काहीतरी खटपट करत होता. माजीदभाई, दादाकडे बरीच वर्षं आहेत, ते नळावर हातपाय धूत होते. वैनी कुठंतरी इकडेतिकडे असतील, एवढंच माझ्या डोक्यात.

लाइट गेली.

पंख्यांची घरघर एकदम थांबली. एक नंबरचं दार सुटलं, सरकत गेलं, धप्प. त्याच्या मागोमाग दोन नंबरचं, धप्प.

मी सहज तिकडं बघितलं. तीन नंबरचं दार उघडंच होतं. भिंतीला चिकटून, सताड.

खरं सांगते, मला आधी गंमत वाटली. म्हटलं, थोडं चुंबकत्व उरलं असेल लोखंडात, होतं असं कधी कधी. दादा नेहमी ओरडायचा, लाइट गेल्यावर दार उघडं राहिलं की माल खराब होतो म्हणून. तेवढीच मदत, म्हणून उठले आणि दाराची कड धरून ओढली.

हललं नाही.

दोन्ही हातांनी ओढलं. पाय भिंतीला टेकवून ओढलं. अजिबात नाही. अडकलेलं दार जरा तरी करकरतं, इकडेतिकडे बोटभर सरकतं. हे तसं नव्हतं. चालू लोहचुंबकाला चिकटलेली वस्तू ओढून बघा, हाताला एक वेगळंच कळतं... समोरून कुणीतरी ओढतंय असं. अगदी तसं.

"दादा, तुझं हे तीन नंबर सुटत नाही रे!"

"काय करून राहिली तू तिथं?" मागून आवाज आला. "तीन नंबर कशाला उघडलं? ते बंदच हाय आज!"

"मी कुठं उघडलं? उघडंच होतं!"

माजीदभाई ओल्या हातांनी आले. "सरका ताई, मी बघतो." त्यांनी कड धरून सगळा जोर लावला. पोती उचलणारा माणूस. मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण दार जागचं हललं नाही. ते माझ्याकडे बघून हसले, जरा ओशाळून. "लई अजब हाय की हे..."

तेवढ्यात आत कॅरेट पडल्याचा आवाज आला.

आम्ही दोघंही थांबलो. आत अंधार. मी मोबाईलचा टॉर्च लावला आणि थप्प्यांच्या मधल्या बोळातून, अगदी मागच्या कोपऱ्यात, मला हिरव्या साडीचा काठ दिसला.

"वैनी!"

माजीदभाईंनी तोंडाला रुमाल बांधला आणि मला मागं ढकललं. "तुम्ही नका येऊ, आत हवा नाय!" श्वास रोखून ते धावत गेले. वैनींना काखेत धरून ओढत आणायला लागले. मी उंबऱ्यापाशी उभी, पुढं होऊन वैनींचे पाय धरले. दादाही धावत पोचला. तिघांनी मिळून वैनींना बाहेर फरशीवर ठेवलं. ओठ निळसर पडले होते. दादा नुसता "मंगल, ए मंगल" करत गालावर थापट्या मारत होता.

आणि आमच्या पाठीमागं दार सुटलं. हळूहळू, एका लयीत, नेहमीसारखं सरकत गेलं आणि धप्प करून बंद झालं.

लाइट अजून आलेली नव्हती.

वैनींनी डोळे उघडले, उलटी केली, माझा हात घट्ट धरला. नांदेडला दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी सोडलं. डॉक्टर म्हणाले, उपाशीपोटी, त्यात गॅस. अजून थोडा वेळ आत राहिल्या असत्या तर सांगता आलं नसतं. वैनी आता ठणठणीत आहेत, हे आधी सांगून टाकते.

पण त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाहेर चहा घेताना मी दादाला सहज म्हटलं, "तुझ्या तीन नंबरच्या मॅग्नेटनं वाचवलं बघ. करंट गेल्यावरही धरून ठेवलं त्यानं."

दादानं चहाचा ग्लास खाली ठेवला. म्हणाला, "सुनीता, त्या डबीत मॅग्नेटच न्हाई."

"म्हणजे?"

"कॉइल जळाली परवा. वायरमन काढून घेऊन गेला. नुसती डबी हाय भिंतीवर."

मी त्याच्यावर विश्वास ठेवला नाही. सकाळी स्वतः स्क्रू ड्रायव्हर घेऊन डबी उघडली. आत वायरची दोन टोकं, चिकटपट्टी गुंडाळलेली. कॉइल नाही, आतला लोखंडी गाभा नाही. बोट घालून चाचपलं. थोडी धूळ आणि एक मेलेला किडा.

उरलेलं चुंबकत्व म्हणावं तर ते राहायला डबीत लोखंडच नव्हतं.

मग पुढचे दोन दिवस मी दुसरं काही केलं नाही. दादा वैतागला, पण मी ते दार कितीदा उघडलं आणि सोडलं याला हिशेब नाही. दर वेळी बंद. बिजागऱ्या तपासल्या, चांगल्या होत्या. फरशीवर पाणी ओतून उतार बघितला, तो बंद होण्याच्या बाजूलाच होता. दाराचं रबर भिंतीला चिकटलं असेल म्हटलं, तर उघड्या दाराचं रबर भिंतीला लागतच नाही. क्लोजर अडकला असेल? ज्या कंपनीनं दारं बसवली तिच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, क्लोजर अडकला तरी दोन माणसांनी ओढल्यावर दार यायलाच पाहिजे. नाहीतर काहीतरी मोडेल." काहीच मोडलं नव्हतं. कॅमेऱ्याचं विचाराल, तर तो गेटकडे तोंड करून आहे.

ह्या सगळ्यात एक गोष्ट अजून सापडली. आतून दार उघडायचा जो दांडा असतो, तो तीन नंबरचा जाम होता. मी लटकून बघितलं, हलला नाही. म्हणजे दार त्या दिवशी बंद झालं असतं... आम्ही बाहेर बसून राहिलो असतो. वैनी आत आहेत हे कुणाला ठाऊकच नव्हतं. दादानं त्याच दिवशी तिन्ही दांडे बदलून घेतले.

माजीदभाईंना काही प्रश्नच नाही. "अल्लाची मेहेर, ताई. तुम्ही कशाला डोकं फोडून घेता?" दादानं गावातल्या मारुतीला अभिषेक केला. मी लातूरला परत आले, वर्गात खडू हातात घेतला की डोक्यात तेच. कुठलं बल? कुठून? आणि वैनी उंबऱ्याबाहेर आल्यावरच का सुटलं?

महिन्याभरानं वैनींचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं. मी पुन्हा माझं पुराण सुरू केलं, क्लोजरचं तेल वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या,

"सुनीता, दार बंद का झालं न्हाई, एवढंच तू इचारून राहिली."

"मग? अजून काय विचारू?"

"मी गेले तवा ते उघडं व्हतं. उघडं दिसलं म्हणूनच तर आत गेले... म्हटलं, ह्यांनी हवा लावून ठेवली आसल, माल बघून यावा. पर त्यात आदल्या दिशीच गॅस सोडला व्हता. तीन नंबर त्या दिशी उघडायचंच नव्हतं. तुझ्या दादानं न्हाई उघडलं, माजीदभाईनं न्हाई, तू न्हाई. मग उघडलं कोणी?"



सगळे म्हणतात, कुणीतरी वैनींना वाचवलं. मीही मनातल्या मनात तसंच धरून चालले होते. पण वाचवणाऱ्यानं दार उघडून त्यांना आत का बोलवावं? आणि वाईट करायचं असेल, तर माझ्यासारखी धडधाकट बाई ते दार लावायला जीव तोडून ओढत असताना धरून का ठेवावं? इथं कुणी दारांचं काम करणारं असेल, कुणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. "भास झाला असेल" एवढं मात्र म्हणू नका. जोर लावलेले माजीदभाई सोबत होते.

तीन नंबर चालू आहे. नवी कॉइल बसली, टक्क करून चिकटतं, बटण दाबलं की सुटतं. दिवाळीला गेले तेव्हा बघितलं, वैनी आता एकट्या आत जात नाहीत. कुणी सोबत असलं तरी उंबऱ्यापाशी थांबतात, उघड्या दाराला तळहात लावतात, क्षणभर तशाच उभ्या राहतात.

"काय बघता वैनी?" मी विचारलं.

"काय न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आज जाऊ का, ते इचारते."