आर्यभटमास्तर

माझे सासरे आर्यभटाबद्दल असे बोलत, जणू तो त्यांच्याच भावकीतला. "तेविसाव्या वर्षी पोथी लिहून मोकळा झाला पोरगा," ते कौतुकाने म्हणत, "आन् आमचा अजून धोतर नेसायले शिकून राहिला." हा टोला माझ्या नवऱ्याला असे. मामंजी अकोल्याच्या शाळेत गणित शिकवत. गाव त्यांना आर्यभटमास्तर म्हणे.

माझ्या माहेरी, मूर्तिजापूरला, मला आणायला ते स्वतः येत. गाडी हलली की खिडकीबाहेर बोट दाखवत. "पाह्य सूनबाई, टेसन मागं चाललं." मी हसले की म्हणत, "तसाच सूर्य. फिरते आपली पृथ्वी, आन् आपण म्हणतो तो चालला. आर्यभटानं हे सांगितलं, तं पंडित त्याच्यावर तुटून पडले. त्याले मानणाऱ्याइनंबी मंग त्याच्या बोलण्याचा अर्थच फिरवला." हे सांगताना त्यांना खरोखर वाईट वाटे. डब्यातली माणसे विडी विझवून ऐकत.

राहू-केतूंवर तर त्यांचा रागच होता. ग्रहण म्हणजे सावली, हे त्यांनी पारापासून बाजारापर्यंत सगळ्यांना समजावले होते. सासूबाई ऐकून घेत, वाद घालत नसत, आणि ग्रहण लागले की देवापुढे गप्प बसून राहत.

मला पहिल्यांदा दिवस गेले, त्या उन्हाळ्यात सूर्यग्रहण आले. मामंजींनी काच काजळून ठेवली होती. मैदानात मुलांना ग्रहण दाखवायचे होते. पण सकाळीच सासूबाईंनी मला आतल्या खोलीत बसवले, खिडकीला गोणपाट लावले. पाणीसुद्धा प्यायचे नाही.

मामंजी दारात आले. "सावलीनं काय होते वो? जीव घाबरा होईन तिचा."

"तुमी जा मैदानात," सासूबाई म्हणाल्या. त्या गोणपाटाची कड पुन्हा पुन्हा दाबत होत्या.

मामंजींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. मग काच शेजारच्या मास्तरांकडे पाठवून दिली आणि माझ्यासमोर जमिनीवर येऊन बसले. "मंग मीबी इथंच."

कौलांच्या फटींतून सारवलेल्या जमिनीवर उन्हाचे कवडसे पडले होते. रोज गोल असत ते. बघता बघता एकेक कवडसा एका बाजूने खाल्ल्यासारखा झाला, आणि जमिनीवर चंद्रकोरीच चंद्रकोरी उमटल्या.

"सूनबाई, गिरानच घरात आलं!" मामंजी ओरडले.

सासूबाई पदर पसरून मला झाकायला धावल्या. एक कोर त्यांच्याच तळहातावर पडली. त्यांनी हात मागे घेतला नाही.

"हे एवढंच असते?"

"एवढंच."

"मंग आपल्या पह्यल्या पोराचा ओठ..." त्या खाली बसल्या. "त्याच्या वेळच्या गिरानात म्या भाजी चिरली होती. तुमाले कधी सांगितलं नाही."

त्यांचे पहिले मूल फाटक्या ओठाचे जन्मले होते. त्याला दूध ओढता आले नाही. ते जगले नाही. मला हे तेव्हाच कळले. मामंजींना मूल आठवत होते, विळीचे मात्र काहीच ठाऊक नव्हते.

"तुह्यानं काही झालं नाही," ते म्हणाले. "काहीच नाही. मी गावाले सांगत फिरलो, आन् तुले कधी पुसलंच नाही."

मग उठून त्यांनी तांब्या भरून आणला. आधी सासूबाईंना पाणी दिले, नंतर मला.

माझी मुलगी चालायला लागली आणि मामंजी गेले. सासूबाई पुढेही ग्रहणात स्नान करत, जप करत. पण त्याआधी आळीतल्या दिवस गेलेल्या पोरींच्या घरी जाऊन येत. "पाणी पी वो माय. खिडकी उघड. काही होत नाही." कोणी म्हटले, हे मास्तरांनी शिकवलं वाटते, तर त्या मान हलवत.

"नाही," म्हणत, "म्या सोता पाह्यलं."