मेजर सुहासचा सत्कार

मोहनकाका वाघमाऱ्यांना मुलाचं कौतुक इतकं, की इंग्लंडमधल्या स्लाऊच्या आमच्या मंडळात त्यांच्या शेजारी बसायचं लोक टाळायचे. सुहास कसा आहे असं चुकून विचारलं, की नॉर्दर्न आयर्लंडच्या मोहिमेपासून सुरुवात व्हायची. मग बॉस्निया, मग कोसोवो. तोवर आपला चहा निवून जायचा. काकांचे वडील महार रेजिमेंटमध्ये हवालदार होते. घरात पुन्हा वर्दी यावी हा काकांचा हट्ट, म्हणून बँकेत चांगल्या चिकटलेल्या सुहासला त्यांनीच सैन्यात धाडलं. आमचा पोरगा इंग्रजांच्या पायदळात अधिकारी झाला, तेव्हा पेढे मीही वाटले होते.

२००४ साली तो इराकमधल्या बसऱ्याहून परतला, तो मुका झाल्यासारखाच. पुढच्या वर्षी मेजरचा हुद्दा सोडून आईबापांकडे आला आणि वरच्या खोलीत पडदे ओढून बसला. बायको ग्लासगोला माहेरी निघून गेली. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. काकांच्या डोक्यात मात्र एकच, चारचौघांत कौतुक झालं की पोरगा माणसात येईल. मला हे मुळीच पटलं नव्हतं. पण बापाच्या आशेपुढे बोलणार कोण? २००६च्या भीमजयंतीला सत्कार ठरला.

सुहास आला हेच नवल. सूट अंगावर ढगळ झालेला, छातीवर चारही मोहिमांची पदकं एका रांगेत. इराकच्या पदकाची वाळूच्या रंगाची फीत काकांनी स्वतः सरळ केली. मेणबत्त्या लागल्या, सगळे हात जोडून उभे राहिले. मी बापलेकांच्या मागेच होते. त्रिशरण सुहासने म्हटलं. मग पंचशीलातलं पहिलं शील आलं, जीवहिंसा न करण्याचं, आणि तो थांबला. काकांनी कोपराने ढोसलं.

"आय कान्ट, बाबा," तो हळूच म्हणाला. "हे बोललो तर चौथा शील मोडतो."

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. काका कुजबुजले की लढाईत शत्रूवर गोळी झाडावीच लागते, त्याचं काय एवढं.

"एनिमी नव्हते. चेकपॉइंटला कार थांबली नाही, फायरची ऑर्डर मी दिली. आत एक आई होती, बाबा, अँड हर किड्स."

आजूबाजूला लोक पुढची शीलं म्हणत होते. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

सत्कार तरीही झाला. शाल आणलेली होती, करणार काय? काकांनीच ती मुलाच्या खांद्यांवर घातली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांचं भाषण तोंडपाठ होतं, सगळ्या मोहिमांसकट. माइक हातात आल्यावर ते फक्त आभार मानून खाली बसले.

सुहास परत कधी मंडळाच्या हॉलवर आला नाही. तो अजून त्याच खोलीत आहे. काका दर रविवारी वंदनेला येतात, पण पहिलं शील आलं की आता तेही ओठ मिटून उभे राहतात. एकदा मी चिडूनच विचारलं, "काका, तुम्ही कुणाला मारलंय?"

"त्याला तिथे मी पाठवलं," ते म्हणाले.